धुतलेली वाळू

रत्नागिरी,
२७ एप्रिल २०२५

चि. नीरजास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तू भाग पाडलंस. काल संध्याकाळी फोनवर "आई, स्वरूप कसा वाटला? लग्नाला हो की नाही, एवढंच सांग," म्हणालीस, आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागलीस. रडणाऱ्या माणसाला मी उत्तर देत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हाही दिलं नाही. म्हणून काल घडलं ते लिहून कुरियरने पाठवते आहे. बसून वाच.

बाकी इकडे ठीक. कलमांवर यंदा फळ बेताचंच. अण्णांचा रक्तदाब ताब्यात आहे. सखूच्या सुनेला मुलगी झाली.

तर तुझा स्वरूप. मुलगी मागायला माणूस पहिल्यांदा घरी येतो तेव्हा पेढे आणतो, निदान इस्त्रीचा सदरा घालतो. हा नोकरीच्या गावाहून, मिरजोळ्याहून, स्कूटरवर आला तो एक गोल डबा, विजेची फेटणी आणि मैद्याची पिशवी घेऊन. तू म्हणे त्याला सांगितलंस, आईला बोलून पटवता येत नाही, काहीतरी करून दाखव. वा! मी काय जत्रेतल्या खेळांना बक्षिसं वाटायला बसले आहे? आणि करून काय दाखवायचं, तर केळ्याचा केक. वर फ्रॉस्टिंग. फ्रॉस्टिंग म्हणजे लोण्यात फेटलेली पिठीसाखर. एवढ्यासाठी इंग्रजी नाव.

आपल्याकडे ओव्हन नाही, हे मात्र सांगायचं राहिलं तुझं.

"हरकत नाही काकू," म्हणाला. "बाबा शिमग्याला गावी आले की पातेल्यात वाळू तापवून त्यावरच करायचे."

बाबा म्हणजे मुंबईत बेकरीत भट्टीवर उभे राहणारे. घर मंडणगडच्या डोंगरात, चार वाफे भाताचे. या स्थळाबद्दलचं माझं मत तुला माहीत आहे, त्यावर कागद वाया घालवत नाही.

"तुमच्याकडे पाहुणा आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरतो का?" मी विचारलं.

"नाही हो काकू. आमच्याकडे आधी गूळ-पाणी देतात."

मी पाणी दिलं. गूळही दिला. देणारच होते.

मग हा पिशवी घेऊन समुद्रावर गेला आणि वाळू घेऊन आला. पाहताक्षणी मला कळलं, मासळी वाळत घालतात तिथलीच ही, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं की असली वाळू तापवायची तर आधी धुवावी लागते. डोंगरातल्या माणसाला सगळी वाळू सारखीच. मी बोलले नाही. पेपर लिहिणाऱ्याच्या चुकीवर मी कधी बोट ठेवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने नापास व्हावं अशीच माझी इच्छा होती.

अंडं काढलं असतंन तर उंबऱ्यावरूनच परत धाडला असता. पण अंडं आणलं नव्हतंन, दही मागितलंन. मागीलदारच्या वेलची केळीचा घड पिकून काळा पडत आला होता, त्यातली केळी दिली. त्याने ती काट्याने कुस्करली, पीठ कालवलं, डबा वाळूवर ठेवला. थोड्या वेळाने पातेल्यातून शिंपले तडतडायला लागले आणि घरभर वास सुटला. आपल्या घरात, नीरजा! शेजारच्या मथुरावहिनी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "मालिनीबाई, तुमच्याकडे आज सुकं भाजतायत की काय?" त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

स्वरूपने डबा काढला. तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. गिळला. आणि म्हणतो, "काकू, बोंबलाचा केक झाला!" असं म्हणून ओट्याला धरून हसत सुटला. स्वतःच्या फजितीवर हसणारा पुरुष मी आपल्या घराण्यात अजून पाहिलेला नाही. तुझे आजोबा आमटीत मीठ स्वतः जास्त घालायचे आणि चिडायचे आजीवर.

तेवढ्यात मागे आणखी कोणीतरी हसलं. अण्णा. दारात उभे.

तुला अण्णांची तऱ्हा ठाऊक आहे. आजारपणात उजवा हात लुळा पडल्यापासून घरी कोणी आलं की ते आतल्या खोलीचं दार लावून घेतात. घास सांडतो, लोक बघतात. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी पहिल्याच आठवड्यात विहिरीत भिरकावला, डाव्या हाताने. माझ्या सांगण्याला तर ते भीकही घालत नाहीत. मी सांगते ती पद्धत चुकीची, असं तू मागे म्हणालीस. मी ते विसरलेले नाही.

"या अण्णा," हा म्हणाला. "पुन्हा करू. आता केळी तुम्ही कुस्करा. काटा नको, हातानेच. बाबा हातानेच कुस्करायचे, आज मी उगाच शहाणपणा केला."

परात समोर ठेवली. अण्णांनी डावा हात पुढे केला.

"तो नको. तो चष्मा सावरायला राहू दे."

मला वाटलं, आता परात उडणार. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि उजवा हात उचलून केळ्यांवर ठेवला. बोटं वळेनात. केळं सटकायचं, ते पुन्हा धरायचे. सदऱ्याला केळं, चष्म्याला केळं, भिंतीला केळं. बँकेत साहेब म्हणून मिरवलेला माणूस शिशुवर्गातल्या पोरासारखा बरबटला होता. सखू भांडी घासता घासता म्हणाली, "वैनी, जावयानं सासऱ्याला बरा कामाला लावलान!" मी तिला गप्प केलं. जावई कोणाचा, सासरा कोण!

मी वाळू घेऊन विहिरीवर गेले. ती धुवायलाच हवी होती, आणि हा धुता तर अर्धी वाहून जाती. पाणी नितळ येईपर्यंत धुतली, शिंपल्यांचे तुकडे वेचले. जरा जास्तच वेळ लागला. परत आले तर अण्णा विचारतात, "डोळे का लाल?" वाळूवर ऊन किती चकाकतं, त्यांना काय माहीत.

वाळू कढईत कोरडी भाजून दिली. मग लाईट गेली. विजेची फेटणी हातात धरून हा नुसता उभा. मी ताकाची रवी पुढे केली. लोणीही माझंच. एप्रिलच्या उकाड्यात ते वितळायला लागलं, म्हणून पातेलं बादलीत ठेवून विहिरीत सोडायची अक्कलही मीच दिली. म्हणजे केक त्याने केला असं कोणी म्हणू नये.

केक मधे किंचित ओला राहिला. फ्रॉस्टिंग एका बाजूने ओघळलं. गोड मिट्ट. पण वास केळ्याचाच होता. अण्णा बाहेरच्या खोलीत बसले, त्याच्यासमोर, दार उघडं टाकून, आणि उजव्या हाताने खाल्ला. सांडला. त्याने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण पाहिल्यासारखं केलं नाही. हे त्याला कोणी शिकवलं असेल, त्या बेकरीतल्या माणसाने की डोंगरातल्या बाईने, कोण जाणे.

मीही एक तुकडा खाल्ला. दुसरा अण्णांनी बळेच वाढला.

माझं मत विचारशील तर या मुलाला वाळूतलं काही कळत नाही, सदरा इस्त्री करता येत नाही, आणि तो फार हसतो.

आता रडणं पुरे कर.

तुझी,
आई

ता. क. स्वरूप स्कूटर आपल्या अंगणात ठेवून संध्याकाळच्या एसटीने मंडणगडला आईकडे गेला. त्याच्याकडे दिलं ते असं: त्याचा केकचा डबा, घासून. रिकामं भांडं परत पाठवत नाहीत म्हणून त्यात साखर भरली. डब्यावर नारळ, शेंडी राखलेला. त्याच्या आईसाठी हिरवा खण. याचा अर्थ त्यांना कळेल. तुला न कळल्यास त्यांना विचार. नारळ अण्णांनी दिला, उजव्या हाताने. पडला नाही.