दोन खिडक्यांचा नियम

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. सामानवाल्यांनी बाबांची खाट सगळ्यात शेवटी वर आणली. तोवर बाबा दोन तास खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येक खोक्याला पुढे सरका, पुढे सरका म्हणत होते. चाळीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं काय येणार? हमाल हसून हसून बेजार झाले. जागा मात्र झकास मिळाली आहे. चौथा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी आणि खिडकीखाली तळं. तळ्याच्या दोन बाजूंना आमच्यासारख्याच दोन इमारती, एक समोर, एक डावीकडे. उरलेल्या बाजूला रस्ता. पुढच्या खोलीत वारा फार म्हणून बाबांची खाट मागच्या खोलीत लावली. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांना धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. उद्यापासून छापखान्यात रुजू. काम मुद्रितशोधनाचं, शाळेच्या पुस्तकांचं. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, याचंसुद्धा मला बरं वाटतंय.

शुक्रवार, ७ तारीख

तीन दिवस नोकरी केली आणि साथ आली. आजपासून निर्बंध. घरातल्या एकानेच बाहेर पडायचं, तेही दुपारी चार ते पाच. कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. छापखान्याने मुद्रितांचा गठ्ठा घरी पाठवून दिला. बाबा म्हणाले की आपल्याला काय फरक पडतो, ते गेली दोन वर्षं निर्बंधातच आहेत.

रविवार, ९ तारीख

आपल्या तळ्याला पक्षिमंडळ आहे म्हणे. डावीकडच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मोजणीदार काका म्हणतात. एरवी मंडळ पहाटे तळ्याभोवती फिरायचं, आता प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून बघायचं. सकाळी सात ते आठ. त्याआधी किंवा नंतर दिसलेलं धरत नाहीत. एकाच खिडकीतून दिसलेलंही धरत नाहीत, निदान दोन खिडक्यांतून दिसलं तरच नोंद. आणि यादीतलं जे सलग आठ दिवस कुणालाच दिसत नाही, ते नाव कटाप. काकांनी हे सगळं सातबाऱ्यावरच्या नोंदी वाचाव्यात तसं ऐकवलं. आमच्या इमारतीची खिडकी रिकामी आहे, तुम्ही याल का म्हणाले. मी हो म्हटलं. तासाभरात दारात दुर्बीण ठेवलेली. खंड्या, दोन टिबुकल्या आणि एक पाणकावळा एवढी माझी पहिल्या दिवसाची कमाई. पाणकावळा धरला नाही, कारण तो मला एकटीलाच दिसला.

गुरुवार, १३ तारीख

मजा येतेय. तेच तेच पक्षी रोज लिहून सगळे कंटाळले, तेव्हा सोमवारपासून काकांनी माणसंही यादीत घ्यायचं ठरवलं. हेतू चांगला. एकटीदुकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाला काही झालं तर कळायला हवं. नियम मात्र तेच. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या शिवणवाल्या काकूंना तळमजल्याच्या आजोबांचं नाव सुचलं ते ‘करडी टोपी, रहिवासी’. डावीकडचे दातांचे डॉक्टर रोज गच्चीत उड्या मारतात, ते ‘नाचरा’. मी ‘केस विंचरणारी’. मी आमच्या घरातून बाबांचीही नोंद सांगितली. काका म्हणाले, बघू.

काकूंनी आज फोनवर बरंच काही सांगितलं. त्यांच्या इमारतीचा वॉचमन पाच वर्षं तळ्याकडच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा, त्याला मंगळवारपासून मागच्या फाटकावर बसवलंय. त्याच्या पँटची कंबर काकूंनीच दोनदा सैल करून दिली आहे.

मंगळवार, १८ तारीख

सकाळी बाबांची चादर, कपडे, सगळंच बदलावं लागलं. त्यात तास गेला. सव्वाआठला काकांचा फोन आला, समोरचा वॉचमन दिसला का? डॉक्टरांना दिसला नाही, दुसरी खिडकी तुमची. मी खिडकीत गेलेच नव्हते. ते सांगून शब्दाला शब्द वाढवायचा कंटाळा आला. नाही दिसला, म्हटलं. काका म्हणाले, मग आठ दिवस भरले, काढतो. अहो, तो मागच्या फाटकावर आहे, रविवारीच माझी पिशवी आमच्या लिफ्टपर्यंत घेऊन आला होता, असं म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला.

बुधवार, १९ तारीख

सकाळी नेहमीसारखी तासभर खिडकीत उभी राहिले, खंड्या टिपला. चार वाजता खाली उतरले. समोरच्या इमारतीच्या मागच्या फाटकावर वॉचमन नाही. खुर्ची नाही. त्याच्या खोलीत केरसुण्या आणि रंगाचे डबे, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखे, धुळीसकट. दुकानाच्या रांगेत शिवणवाल्या काकू होत्या. विचारलं तर म्हणाल्या, कुठला वॉचमन? आमच्या इमारतीला कधी नव्हताच. मी पँटच्या कंबरेची आठवण दिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. खोटं बोलत नव्हत्या. तेच तर वाईट.

वर येऊन काकांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. माणूस कुठे गेला विचारलं. ते शांतपणे म्हणाले की काढलेल्या नोंदी आम्ही ठेवत नाही, कागद वाया जातो. डॉक्टरांनाही केला, तेही तसेच साळसूद.

खरा राग माझा माझ्यावर आहे. माझ्या धंद्यात न वाचता ‘वाचले’ म्हणून सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. मी न बघता ‘दिसला नाही’ म्हटलं.

दुर्बीण दाराबाहेर टांगली. पुढच्या खोलीचा जाड पडदा ओढून घेतला. यापुढे सात ते आठ मी त्या खिडकीत दिसणार नाही. बसा म्हणावं डोळे फोडत.

शुक्रवार, २१ तारीख

डॉक्टरांचा फोन. एकट्या राहता, काही हवं-नको असलं तर सांगा. मी म्हटलं एकटी नाही, वडील आहेत. ते समजूत काढावी तसं हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच काकांना लावला. म्हणाले, तुमच्या वडिलांची नोंद एकट्या तुमचीच आहे, दुसऱ्या कुठल्याही खिडकीतून ते दिसलेले नाहीत, म्हणून काल संशयित नोंदींत टाकली. सत्तावीस तारखेला आठ दिवस भरतात. मी विचारलं की त्या वॉचमनसारखं करणार का माझ्या बाबांचं? कुठला वॉचमन, म्हणाले.

माझा बाप म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे, काचेत मांडून दाखवायला? नाही दाखवणार.

रविवार, २३ तारीख

औषधाच्या दुकानात बाबांच्या नावाची चिठ्ठी दिली. दुकानदार म्हणाला चिठ्ठीवर नावच नाही. होतं. सकाळी मी वाचलं होतं. माझं कामच वाचायचं आहे. त्याच्याशी भांडून गोळ्या घेतल्या, रांगेतले सगळे बघत राहिले.

बाबांना विचारलं कसं वाटतं. म्हणाले, पातळ वाटतंय. आवाज लांबून आल्यासारखा.

सोमवार, २४ तारीख

आज मी एकच कप चहा केला.

कप हातात घेऊन मुद्रितं वाचत बसले. दहा मिनिटं. मग मागच्या खोलीतून खोकला आला आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं, कोण? ते माझ्या मनात आलं. दुसऱ्या कुणाच्या नाही. भिंतीवर कप फेकून मारला. आता मानापमान गेला खड्ड्यात. बाबांना खिडकीत न्यायचं. दोन खिडक्यांतून दिसले की सुटलो.

मंगळवार, २५ तारीख

पावणेसातला सुरुवात केली. त्यांना खुर्चीत घेतलं, खुर्ची ढकलत नेली. उंबऱ्याशी अडकली. कंबर दुखून ते कळवळले. मदतीला हाक मारायची कुणाला? कुणी कुणाच्या घरात यायचं नाही. पडद्यापर्यंत पोचलो तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं. काकांना फोन केला, पाच मिनिटांसाठी हातापाया पडले. आठ म्हणजे आठ, म्हणाले. आज एकाला सूट दिली तर यादीला अर्थ काय? एवढ्या शांतपणे बोलतात हे लोक. वाटतं तळं ओलांडून जाऊन गचांडी धरावी.

बुधवार, २६ तारीख

रात्री खुर्ची पडद्यामागेच ठेवली होती, सात वाजता वेळेवर बसवलं. पडदा अर्धाच सरकवला, वारा नको म्हणून. बाबा सारखे एका अंगावर कलंडत होते, मी पडद्याआडूनच धरून होते. काकूंना दिसले. डॉक्टरांच्या बाजूने पडदा आड आला.

एकच खिडकी. धरली नाही.

बाबांच्या तळहातातून आज मला खुर्चीचा दांडा दिसला.

गुरुवार, २७ तारीख, सकाळी साडेआठ

शेवटचा दिवस होता. सातच्या आत पडदा काढूनच टाकला, दांडीसकट. बाबांना खिडकीला भिडवून बसवलं. कलंडू नयेत म्हणून खुर्चीमागे जमिनीवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांच्या काखा धरून ठेवल्या. पूर्ण तास. खांदे निखळायला आले. मान वर केली नाही. सोडलं असतं तर ते पडले असते.

बाबा वरून सांगत होते. समोरची बाई दुर्बिणीतून बघतेय. डावीकडचा माणूसही बघतोय, हात करतोय. त्यांचा आवाज हळूहळू जवळ आला. अंगाला वजन आलं, ऊब आली. मी जमिनीवर बसून रडले, आणि त्या सगळ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.

आठ वाजता फोन वाजला. बाबांच्या मांडीवर होता, त्यांनीच घेतला. मोजणीदार काका मोठ्याने बोलत होते, मला खाली ऐकू येत होतं. अभिनंदन म्हणाले. दोन्ही खिडक्यांतून अगदी स्वच्छ दिसलात. चौथा मजला, एक वृद्ध गृहस्थ, रहिवासी. मग म्हणाले, त्या जागेची एक जुनी नोंद होती, आठ दिवस कुणाला दिसली नाही, ती आज काढली. तुम्ही एकटेच राहता ना?

वीस ते सत्तावीस. आठ. मी पडदा ओढून बसले होते. रागात. आणि आज जमिनीवर.

बाबांनी मागे वळून पाहिलं, माझ्या डोक्यावरून, दाराकडे. म्हणाले—

हो, एकटाच.

सव्वानऊ

त्यांच्यासमोर उभी राहिले. बाबा म्हटलं. ते तळ्याकडे बघत होते, माझ्यातून. हाताला धरलं तर गार वारा आला म्हणून त्यांनी हात चोळला.

काकूंच्या खिडकीकडे दोन्ही हात केले, ओरडले. त्यांनी बाबांना हात केला. काकांना फोन लावते, पलीकडे नुसतं हॅलो हॅलो, कुणीच बोलत नाही म्हणतात. मी बोलतेय. घसा फुटेस्तोवर—

लिहिता येतंय अजून. पेन हातात आहे. राग आहे. तेवढंच आहे माझं म्हणून. बाबांना उद्या कोण उचलणार, कोण पाणी देणार, यांच्या यादीत त्याला रकाना नाही—

नऊ चाळीस

परत फोन. काका बाबांना विचारताहेत, तुमच्या इमारतीची खिडकी रिकामी आहे, मंडळात याल का. बाबा खूश. किती दिवसांनी असे—

लिहायला काही आहे का, विचारलं काकांनी. बाबा इकडेतिकडे बघताहेत. टेबल हाताशी आहे. इथे एक वही पडली आहे, म्हणाले. कोरीच दिसते.

बाबा, कोरी नाही ती, मी त्यात— माझं आहे त्यात सगळं, तुमचं पण, वाचा, नुसतं एक पान वा