चॅनेल पास झाल्याशिवाय गिटारला हात नाही

रवि. ३ ऑगस्ट २०२५, सकाळी ९
राजसीचं लग्न ठरलं. ३० नोव्हेंबर. आदल्या दिवशी हळद, इथेच बेलवलीत, सोसायटीच्या आवारात. निर्णय घेतला : हळदीला बेंजो पार्टी नाही. लेकीसाठी मी स्वतः गिटार वाजवणार. जवळजवळ चार महिने आहेत. भरपूर झाले.
नीलिमा म्हणाली, हळदीला लोक नाचायला येतात, ऐकायला नाही. बायकोला टोन कळत नाही. चालायचंच.

गुरु. ७ ऑगस्ट
कैलासला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. कैलास म्हणजे आमच्या अंबरनाथच्या प्लान्टमधला ऑपरेटर, राहणार खरवई, ड्युटी सुटली की बेंजो पार्टी चालवतो. राजसीला लहानपणापासून बघतोय, तिच्या हळदीला आपणच वाजवणार असं गृहीत धरून बसला होता. म्हटलं, नाही, गिटार आहे. बरं साहेब, म्हणाला. तारीख मात्र विचारून घेतली. जेवायला यायचं असेल.

रवि. १० ऑगस्ट
कामाला लागलो. गिटार अजून घेतली नाही. घाई कसली? सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलीत. कच्चा माल पास झाल्याशिवाय प्रॉडक्शन सुरू होत नाही. इथे कच्चा माल म्हणजे यूट्यूबवरचे चॅनेल. एक्सेल शीट केली. आवाज, प्रकाश, ज्ञान, शिस्त. प्रत्येकी दहा मार्क. तीसच्या खाली रिजेक्ट.

शनि. १६ ऑगस्ट
एकोणीस चॅनेल तपासले.
अमेरिकेतला एक दाढीवाला. मागच्या भिंतीवर चाळीस गिटारी, वाजवत एकही नाही. अभ्यासू वाटतो. होल्ड.
दिल्लीचा एक पोरगा. चार मिनिटं सबस्क्राइब करा, दोन मिनिटं खोका फोडणं. रिजेक्ट.
सांगलीचे एक मास्तर मराठीतून बोट कुठे ठेवायचं ते दाखवतात. समजतंही. पण मागे कुकरची शिट्टी. तिसऱ्या मिनिटाला दुसरी शिट्टी. रिजेक्ट. शिस्त म्हणजे शिस्त.

रवि. २१ सप्टेंबर
उल्हासनगरला जाऊन गिटार आणली. लाल, इलेक्ट्रिक. दुकानदाराला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, पाऊण तास समजावला. तो म्हणाला, साईं, इतना मालूम है तो कुछ बजा के दिखाओ. बोट दुखतंय म्हटलं. पुढे दुखणारच होतं, तेव्हा खोटं नाही.
शिवाय एक पेडल घेतलं. पायाने दाबायची डबी. दाबली की आवाज घुमतो. आवाज आला की घुमेल.
राजसी म्हणाली, बाबा, तुम्हाला शोभतेय. फार बरं वाटलं. पोरगी दोन महिन्यांत जाणार. कॅटररकडून येत नाही असं काहीतरी तिला द्यायचंय मला.

रवि. १२ ऑक्टोबर
पहिला कॉर्ड वाजवला. नीलिमाने आतून विचारलं, काय पडलं?
दोष तारांचा. तारांवर सहा चॅनेल पाहिले, सहांची सहा मतं. तारा फायनल होईपर्यंत सराव म्हणजे बोटांना वाईट सवयी लावणं. सराव स्थगित.

सोम. १० नोव्हेंबर
एकूण चॅनेल एकशे चौदा. पास : शून्य. याला म्हणतात स्टँडर्ड. दाढीवालाही बाद. पेडल कंपनीकडून फुकट घेतो आणि तोंड भरून कौतुक करतो. मेल्याला जवळजवळ तीन महिने दिले मी.
कॅन्टीनमध्ये कैलासने विचारलं, साहेब, बसलं का हातात? म्हटलं, सेटिंग फायनल होतंय. तो म्हणाला, सेटिंग मरू द्या, रोज पंधरा मिनिटं घासा. बेंजोला ठीक आहे हे.

गुरु. २७ नोव्हेंबर
घरी रंगीत तालीम. श्रोते : नीलिमा, राजसी, शेजारच्या उमावहिनी. महागातल्या तारा लावून अख्खं गाणं वाजवलं. उमावहिनी म्हणाल्या, छान, आता सुरू करा. बाईंना वाटलं मी तारा जुळवतोय.
राजसी माझ्याकडे बघत राहिली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. भारावली असणार.

रवि. ३० नोव्हेंबर, सकाळी ६
हॉलवर निघण्याआधी दोन ओळी. कालची हळद : ऐतिहासिक!
कैलास आला होता. पाहुणा म्हणून. सोबत आठ जण आणि टेम्पो भरून वाद्यं. कोण जेवायला टेम्पो घेऊन येतं? असो. म्हटलं, आलेच आहात तर मागे साथ द्या. माझ्या गिटारची केबल त्याने स्वतः मागे स्पीकरकडे नेली, नीलिमा उभी होती तिथे. म्हणाला, साहेब, बिनधास्त हाणा.
हाणली. दीड तास. सगळं आवार नाचलं. व्याही नाचले. उमावहिनी नाचल्या! मधे माझ्या दोन तारा तुटल्या, तरी आवाजात तसूभर फरक नाही. महागातल्या तारांचा हा फायदा. राजसी हळदीने माखलेली, टाळ्या वाजवत माझ्याकडेच बघत होती. जन्माचं सार्थक झालं.

गुरु. ४ डिसेंबर
कैलासचंही चॅनेल आहे म्हणे. सव्वा लाख सबस्क्राइबर. माझ्या शीटमध्ये नव्हतं. त्यावर आमच्या हळदीचा व्हिडिओ. पाच वेळा पाहिला. मी दिसतो. गिटार कुठेच ऐकू येत नाही. अकराव्या मिनिटाला कॅमेरा मागे फिरतो. माझ्या केबलचं दुसरं टोक खुर्चीला गुंडाळलेलं.
प्लान्टवर कैलासला झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, साहेब, ताईचा फोन आला होता गेल्या गुरुवारी.
राजसीला वांगणीला, सासरी फोन लावला. तिने लगेच कबूल केलं. म्हणाली, बाबा, मला स्टेजवर तुम्ही हवे होतात आणि नाचायला बेंजो. मग मी काय करायचं होतं? मग म्हणाली, किती खूश दिसत होतात तुम्ही. मी म्हटलं, बरोबर केलंस. फार लागलं मनाला, पण तेवढंच म्हटलं.
नीलिमाने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, काही नाही, तिकडे रेंज नसते.
ती म्हणाली, मला माहितीये काय म्हणाली ते. केबल मीच गुंडाळली होती.