नंदूला थांबवायचं कोणी?

३ ऑगस्ट, नाहूर
राणेकाकू हो म्हणाल्या! मुलुंडला त्यांच्या किचनमध्ये गणपतीच्या मोदकांना हात कमी पडताहेत. "पाठव तुझ्या भावाला, बघते." वय उलटलं म्हणून विशेष मुलांच्या सेंटरने नंदूला सोडलं, तेव्हापासून तो दिवसभर खिडकीत. आईचं एकच पालुपद, "माझ्या मागसून तेचा काय होतला?" मी आहे ना, म्हणते. तेवढ्याने तिचं समाधान होत नाही. खरं तर माझंही नाही.

६ ऑगस्ट
उकड आईची, सराव नंदूचा. कळ्या काय सुरेख काढतो! माझ्या पाऱ्या त्याच्यापुढे म्हणजे गाठोडी. पण थांबत नाही. पारी फाटून सारण बाहेर येईपर्यंत बोटं चालूच. मी "थांब" म्हटलं की थांबतो आणि वरचं टोक मिटतो. मग झकास मोदक. जमलं की आपलं!

९ ऑगस्ट
लॅब. बशीत उंदरांच्या मेंदूपेशी. दोन पेशी जिथे भिडतात तिथल्या तिथे नवं प्रथिन बनतं, शिकलेलं टिकायला ते लागतं. निरोप आला की बनवायचं, एरवी गप्प. नंदूला फ्रॅजाइल एक्स आहे, जन्मतःचा जनुकदोष. हे काम निरोपापर्यंत दाबून धरणारं प्रथिनच त्याच्यात नाही. नवं प्रथिन हिरवं दिसावं अशी सोय आम्ही केलेली, तर तशा पेशींच्या बशा निरोपाआधीच हिरव्या चमकतात. सुंदर दिसतात, आणि मला बघवत नाही. लोक त्याला मंद म्हणतात. अरे, तिथे सगळं आधीच चालू आहे!
सरांना औषधाचं परत विचारलं. उंदरांत चाललं ते माणसांत अजून तसं चाललेलं नाही.

१४ ऑगस्ट
वाट लागली. काकूंनी मला बाहेर बसवलं, आत नंदू एकटा. पारीमागून पारी फाडली. शेवटी स्वतःचा हात चावला. काकू बिचाऱ्या हळूच म्हणाल्या, "गुणी आहे गं, पण थांबतच नाही ना."
कसा थांबणार? माझं "थांब" बाहेर बाकावर बसलं होतं. तो मोदक शिकलाच नाही, माझा आवाज ऐकायला शिकला. लॅबमध्ये अशी चूक केली असती तर सरांनी सोलून काढलं असतं.
काकू म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात एकदा परत आण.

१६ ऑगस्ट
आज तोंड बंद ठेवून बसले. फाटली. परत फाटली. नंदू माझ्या तोंडाकडे बघतोय (एरवी कुणाकडे बघत नाही) आणि मी गप्प. आई चिडली, "आणखी किती फाडूक देतलंस गो? सांग मगे तेका!" ओठांवर आलेलं गिळलं. फाटलेल्या पाऱ्यांची उकड परत मळून, मिरची-जिरं घालून निवगरी वाफवली आईने, आम्ही तिघांनी खाल्ली.

१९ ऑगस्ट
एका मोदकाला बोटं आपणहून थांबली! टोक मिटलं, ताटात ठेवला. मी ओरडलेच. तो दचकला, पुढचा फाटला. माझंच चुकलं.
आता थोडे फाटतात, थोडे जमतात. का जमतात, ते मला माझ्या सगळ्या बशा मांडूनही सांगता येणार नाही.

२१ ऑगस्ट
परत काकूंकडे. बाकावर बसवेना म्हणून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. आईचे फोनवर फोन.
काकू दारात आल्या. "काही फाटले गं. पण उद्यापासून येऊ दे. गणपतीपर्यंत बघू, पुढचं पुढे." मागून नंदू. कोपरापर्यंत पीठ, हात फडफडवत. खुशीत असला की असंच करतो.
घरी येताना जमिनीकडे बघत म्हणाला, "उद्या ताई नको."
"बरं," म्हटलं. एवढा आनंद इतकं दुखवतो, हे माहीत नव्हतं.
"ताई नको" म्हणाला, हे आईला अजून सांगितलेलं नाही. रस्ता तो एकटा ओलांडत नाही, आईला मुलुंडपर्यंत झेपत नाही. मी नको, तर उद्या त्याला सोडायचं कोणी, हे कळत नाही.