बंद दाराआड तीनदा

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. धाकटीला ताप होता, उतरला.

तुझं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. सुनावणीत आमचं नाव पुकारलंच नाही ना, असं विचारलंस. चिडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

आमच्या सीमा आयोगाची बैठक कशी चालते ते ऐक. लांब टेबल, अध्यक्ष, दोन सदस्य, मतदारसंघांचा नकाशा. आधी लोकांच्या हरकती ऐकायच्या, मग रेघ मारायची, असा नियम. हरकती दहाला सुरू होणार होत्या. आपली वस्ती ओढ्यापाशी कापणारी रेघ मी नऊलाच पाहिली, पक्क्या शाईत. अर्धे आपण इकडे, अर्धे तिकडे, दोन्हीकडे चिमूटभर. उद्या दवाखाना मागायला गेलो तर कोण कुत्रं विचारणार आहे?

तुमची हरकत अकरावी. चारशे बारा सह्या. अध्यक्षांनी गठ्ठा हातात नुसता तोलला आणि जेवणाआधी उरकू या म्हणाले. हरकतदाराला तीनदा पुकारायचं, आला नाही तर हरकत निकालात. वाऱ्याने कागद उडतात म्हणून त्यांनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, पुकारा.

ताई, पुकारणारा मी होतो.

बंद दाराकडे तोंड करून, शेजारच्याला ऐकू जाईल इतपत आवाजात, सख्ख्या बहिणीचं नाव मी तीनदा घेतलं.

"गैरहजर लिहा," अध्यक्ष म्हणाले.

मी लिहिलं. तू बाहेर बाकावर आहेस हे मला माहीत होतं. सकाळी तुला पाणी मीच आणून दिलं होतं.

त्या तिघांचा संताप येतो. तुझाही येतो. चार तास गप्प बसलीस, दारावर थाप का नाही मारलीस? पण या चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. नोकरी जाईल म्हणून शेपूट घातली ती मी.

अंतिम आदेश शुक्रवारी निघतोय. सोबत माझा जबाब आहे. दार बंद होतं, हरकतदार हजर होती, पुकारा मी केला. तारीख, हुद्दा, सही, सगळं आहे. हातात पडताच वकिलाकडे दे. माझ्या नोकरीची काळजी करत हा कागद डब्यात दडवलास, तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.

तू हजर होतीस, असं उशिरा लिहून देणारा,
तुझा भाऊ