दाखवायची गंजी

मोताळा, मंगळवार, १७ जानेवारी १९६७

राग अजून गेलेला नाही. अंगणात कडब्याची गंजी महिनाभर जशीच्या तशी उभी आणि गोठ्यात आमची गाभण गाय चांदी मूठभर कुटारावर, नुसत्या भुशावर. का, तर आमच्या लेकीला, शशीला बघायला पाहुणे येणार. गंजी फोडली तर घर रिकामं दिसेल म्हणे. महिनाभर! माझ्या मिशनच्या शाळेत सिस्टर गाईला चारा घातल्याशिवाय आम्हाला प्रार्थनेला बसू देत नसत. आणि मी इथे गप्प बसले. का बसले?

आज पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी शशीकडे धड पाहिलं नाही, गंजीभोवती मात्र दोनदा फिरले. "आमच्याकडे यंदा चारा नाही हो, इवाई. दोन गाड्या धाडता का?"

अजून होकार नाही आणि आधीच इवाई, व्याही! त्यावर हे हसून म्हणाले, "दोन काऊन? चार न्या ना."

सालदार गणपत माझ्याजवळ पुटपुटला, "बाई, चांदीले आता काय पाहुण्यायचा फेटा चारू?"

मी उठले. सगळ्यांच्या देखत गंजीतून पेंढ्या ओढल्या. हात सोलले. शशीही पदर खोचून आली आणि मायलेकींनी गव्हाण भरली.

पाहुणे चहा न घेताच गेले. हे म्हणाले, "घालवलंस चांगलं स्थळ." शशी माझ्याआधीच बोलली, "बाबा, तिथं मलेही असंच उपाशी ठेवलं असतं."

गोठ्यात चांदी कडबा मोडून खाते आहे, इथवर ऐकू येतं.