रस्त्यापलीकडचा कवी

ती. लोरेटाताईस,

अर्डिसचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय, म्हणजे तू आता दिवसातून दहादाच चढत असशील. इकडे आम्ही मजेत (म्हणजे मी आणि मांजर).

आपल्या हॅलोरन फॉल्सला नगरकवी नेमायचा आहे. चौकातला खड्डा बुजवायला तीन वर्षं लागली, पण कवीवाचून नगरपालिकेचं आता घटकाभर चालेना. कवीने दोन वर्षं लोकांची सेवा करायची: ग्रंथालयात मुलांना शिकवायचं, वृद्धाश्रमात वाचायचं, आणि नवं काही उघडलं की फीत कापण्याआधी कविता म्हणायची (पहिली सांडपाण्याच्या पंपावर). निवड समितीत आम्ही पाच जण. अध्यक्ष मार्जरी फ्लूग, जिने शाळा सुटल्यापासून सवलतीच्या कूपनांखेरीज काही वाचलेलं नाही. वशिला नको म्हणून अर्जांवरची नावं झाकून आकडे घातले होते. तीन नंबर डॉ. पीटचा, हे झाकूनही कळलं. दंतवैद्याशिवाय हिरड्यांवर चौदा कडवी कोण लिहील?

सात नंबरने मात्र आमची तोंडं बंद केली. बर्फ काढणारी गाडी, आणि गाडीवाला घरी येईपर्यंत खिडकीत दिवा ठेवणारी बायको, एवढंच होतं त्यात. मार्जरीसुद्धा नाक पुसत होती. पाचही मतं सातला. नावाचं पाकीट उघडलं तर वेंडेल क्रूस. सव्वीस वर्षं याच गावचे रस्ते साफ केलेला वेंडेल, बायको गेल्यापासून घरात कोंडून घेतलेला. ताई, मला खरंच फार बरं वाटलं. या कामाने तो माणसांत आला असता.

मग मार्जरीने नकाशा काढला. कवी शहराच्या हद्दीत राहणारा हवा, असा नियम. हद्द जाते एम्स रोडच्या बरोबर मधून. वेंडेलची टपालपेटी रस्त्याच्या अलीकडे, घर पलीकडे. माणूस पत्रं येतात तिथे राहतो की झोपतो तिथे, यावर दीड तास काथ्याकूट. नगरपालिकेचा वकील म्हणाला, झोपतो तिथे. जाहीर सभेत वेंडेलला बोलायला तीन मिनिटं दिली. त्याने आपली कविताच वाचली. शेवटची ओळ उरली आणि मार्जरीने घंटी वाजवली.

"वेळ संपली, वेंडेल. बस खाली."

"बसतो की. खुर्ची हद्दीत आहे ना बाई, तेवढं बघून घ्या."

तीस तारखेपर्यंत त्याने हद्दीत बिऱ्हाड केलं नाही, तर डॉ. पीटच्या हिरड्या जिंकल्या. असल्या दीडशहाण्यांच्या हाती गाव दिलंय आपण.

तुझी,
अर्डिस

ता. क. हद्दीचा तो नियम मीच घातला होता. शेजारच्या गावचा तो शिष्ट प्राध्यापक घुसू नये म्हणून. कुठे बोलू नकोस.

आणखी एक. म्हणून मी वेंडेलला म्हटलं, माझ्याकडे राहायला ये, माझं घर हद्दीत आहे. तो म्हणाला, लग्नाशिवाय चर्चमधली माणसं काय म्हणतील? तर येत्या शनिवारी लग्न आहे. आईची लेसची कॉलर तुझ्याकडे आहे, ती घेऊन ये. मी घोरते का, असं त्याने विचारलं तर नाही म्हण.

शेवटचं. आत्ताच येऊन अर्धा केक संपवून गेला. म्हणतो, ते कवीपद दातवाल्यालाच देऊन टाका, मला आता फिती-बितींना वेळ कुठे आहे? उरलेला अर्धा मी त्याच्यासाठी झाकून ठेवलाय. तू कॉलर आणच.