काउंटरचा खण

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुन्हा नंदिनी! आमच्या मालकांच्या, भास्करभाऊंच्या तोंडात दुसरं नाव नाही. नऊ वर्षं या हॅम्बर्गच्या हॉटेलात, स्वयंपाकघरात वाफ खातेय मी. ती आली जूनमध्ये — आणि काउंटर तिला! का, तर जर्मन येतं. नखं रंगवून उभी, गिऱ्हाइकांना "गेनाऊ, गेनाऊ" — म्हणजे बरोबर, बरोबर. मीही केलं असतं.

गुरुवार, ६

एका जर्मन कागदावर सही केली. भाऊ म्हणाले, "सुरक्षेचं आहे उल्काताई, दरवर्षीचं. करा लवकर, डोसा करपतोय." केली. नंदिनीला मात्र सगळं वाचायचं होतं! वर मला म्हणते, "ताई, काय लिहिलंय सांगू?" म्हटलं, तुझी शिकवणी नको. चौथीपर्यंत मीही गेलेय शाळेत.

बुधवार, १२

भाऊ बाहेर गेले होते. फोन आला. पोलीस. हिंदीत बोलला — म्हणे, तुमच्या लोकांसाठीच ठेवलेला साहेब. "तुमच्याकडे एक तरुण मुलगी आहे ना?" मीच म्हटलं, नंदिनी? "हां, वही." चोरीची केस. आम्ही येईपर्यंत कोंडून ठेवा, मोबाइल काढून घ्या, तिच्या बँकेच्या कार्डाचे आकडे वाचून दाखवा.

सगळं केलं. तिला कोठीत घालून बाहेरून कडी लावली.

"ताई, फोन खोटा आहे! अहो ताई, ऐका तरी!"

म्हटलं, चोर असंच बोलतात.

दोन तास. कोठीत हीटर नाही. खोटं कशाला लिहू — बरं वाटत होतं मला.

पोलीस आलेच नाहीत. भाऊ आले, कडी काढली. ती तांदळाच्या गोणीवर बसलेली, ओठ निळे.

सोमवार, १७

नंदिनी कामावर नाही. दार लावून झोपायला घाबरते म्हणे.

कामगारांच्या सुरक्षेच्या ऑफिसातली बाई आली होती. असे खोटे फोन बऱ्याच ठिकाणी येतात, मालकाने माणसांना आधी समजावून सांगायचं असतं म्हणाली. भाऊंनी सहा तारखेच्या त्या कागदावरची माझी सही पुढे केली. "सांगितलं होतं की! विचारा उल्काताईंना."

मी म्हटलं — हो. सांगितलं होतं.

ती गेल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "उद्यापासून काउंटर तुमचं."

मंगळवार, १८

काउंटरवर उभी राहिले. जो येतो तो विचारतो, ती कुठे गेली? इथेही तीच!

पेन शोधायला खण उघडला. तळाशी कागद. तिचं अक्षर, मराठीत, मोठं मोठं काढलेलं. वर तारीख, ७ नोव्हेंबर.

"उल्काताई, पोलीस आहे म्हणून कोणी फोनवर माणसाला कोंडायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या." खाली बारीक — "भाऊ, हे स्वयंपाकघरात लावाल? त्या माझं ऐकत नाहीत."

बुधवार, १९

कागद पर्समध्ये घेतलाय. त्या बाईंचं ऑफिस नऊला उघडतं. काउंटरवर कोण उभं राहतंय ते भाऊंनी बघावं.